चौकशी खिडकी : गाडी बदलायची जागा

मागच्या अंकात मी बसथांब्याच्या छपराबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रीघच लागली. बहुतेक पत्रं एकाच विषयावरची: आमच्या शहरात रेल्वे, बस, टॅक्सी, सायकल सगळं एका ठिकाणी आणणारं नवं केंद्र होणार आहे, तर काय पाहावं? एकतीस वर्षं मी बसस्थानकांचे आराखडे काढत होते. त्यातले काही सपशेल चुकले. तेव्हा उत्तरं द्यायचा थोडासा हक्क मला आहे असं समजते.

प्रश्न : मी आमच्या शहराच्या नियोजन समितीवर आहे. वस्ती साडेतीन लाख. केंद्रासाठी दोन जागा समोर आहेत. एक रेल्वे स्टेशनला लागून, पण जेमतेम दीड एकर आणि वेडीवाकडी. दुसरी बायपासवर, चार किलोमीटर लांब, बारा एकर, मोकळी. सल्लागारांचा कल दुसरीकडे आहे. तुमचं मत काय?

सल्लागारांचा कल तिकडे का आहे ते आधी सांगते, कारण मीही कधीकाळी तिकडच्याच बाजूने बोलले असते. मोकळ्या जागेवर आराखडा सुरेख बसतो. कुणाला हलवायचं नाही, नोटिसा नाहीत, दावे नाहीत. उद्घाटनाचा फोटोही चांगला येतो.

आता हे गणित करून पाहा. गर्दीच्या वेळी तासाला २४ बस सुटतात असं धरू. बायपासला जायचं म्हणजे प्रत्येक बसला चार किलोमीटर जाणं, चार येणं. शहरातल्या रस्त्यांवर बस ताशी वीस किलोमीटरने गेली तरी नशीब, म्हणजे प्रत्येक फेरीत २४ मिनिटं वाढली. २४ फेऱ्यांना २४ मिनिटांनी गुणा, ५७६ मिनिटं होतात. दर तासाला साडेनऊ तासांहून जास्त गाडीचं काम नुसतं बायपास गाठण्यात आणि परतण्यात जाणार. आज आहे तेवढीच सेवा द्यायला तुम्हाला दहा बस जास्त लागतील, त्यांचे चालक, त्यांचं इंधन, त्यांची दुरुस्ती धरून, आणि तेही केंद्र उभं आहे तोवर रोज. जमीन स्वस्त पडली ती मात्र एकदाच.

शिवाय रेल्वे काही रूळ उचलून बायपासवर येणार नाही. मग स्टेशन ते केंद्र अशी वेगळी बस ठेवावी लागेल. म्हणजे गाडी बदलण्याची सोय व्हावी म्हणून प्रवाशाला आणखी एकदा गाडी बदलायला लावायची! माणसाला चालत्या गाडीतली दहा मिनिटं जेवढी जड जातात, त्याच्या साधारण दुप्पट जड उभं राहून वाट बघण्यातली दहा मिनिटं जातात, असा आमच्या धंद्यातला जुना हिशेब आहे. पायपिटीचंही तसंच. गाडीतला वेळ वाचवण्यापेक्षा वाट पाहणं आणि चालणं वाचवा, असं मी म्हणते ते त्यामुळे.

माझं मत स्टेशनलगतच्या जागेला. दीड एकर कमी नाही. कमी वाटतं, कारण तुमच्या सल्लागारांनी तिथेच गाड्या मुक्कामाला ठेवल्या, धुतल्या आणि तेल भरलं असणार. ते सगळं बायपासला न्या. आगार बाहेर, फलाट आत. आणि लांब पल्ल्याच्या ज्या बस शहरात शिरतच नाहीत, बायपासवरून नुसत्या पुढे जातात, त्यांना तिथे चांगला उजेडाचा थांबा द्या. त्यांना ओढून गावात आणायचा हट्ट नको.

एक काम मात्र मतदानाआधी नक्की करा. समितीतल्या सगळ्यांनी एकेक भरलेली सुटकेस घ्यायची आणि दोन्ही आराखडे जमिनीवर चालून बघायचे, हातात स्टॉपवॉच. रेल्वेच्या डब्याच्या दारापासून बसच्या पायरीपर्यंत. सामान घेऊन माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतो. कागदावर २४० मीटर म्हणजे काहीच नाही, पण ती चार मिनिटं आहेत. मध्ये जिना असला की हिशेब विसराच. मी एकदा एका स्टेशनच्या पुलाखाली सकाळभर उभी होते. ३६ पायऱ्या. एक बाई आली, कडेवर मूल, हातात सुटकेस. तिने सुटकेस चार पायऱ्या वर नेऊन ठेवली, खाली आली, मुलाला उचलून सुटकेसच्याही वर दोन पायऱ्यांवर बसवलं, मग परत सुटकेस. मूल उठून खाली उतरू बघतंय, ती एका हाताने त्याला दाबून ठेवतेय. असे टप्पे करत ती वर पोचली तोवर माझ्या घड्याळात तीन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती, आणि पलीकडची बस गेली होती. आमच्या आराखड्यात त्या पुलाला '४५ सेकंद' लिहिलेले होते. ते मीच लिहिले होते.

प्रश्न : आमच्याकडे बसस्थानकाला किती फलाट हवेत यावरून वाद चालू आहे. कुणी सहा म्हणतं, कुणी वीस. याचं काही सूत्र असतं का?

असतं, पण त्यात आकडा घालायच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि लोक नेमका तोच टाळतात.

वरचंच उदाहरण घेते, तासाला २४ बस. बस आली, माणसं उतरली, चढली, चार मिनिटं गेली. आत-बाहेर करायला एक. म्हणजे एका फलाटावर तासाला १२ बस लागू शकतात. पण बस काही ठरल्या मिनिटाला येत नाहीत, दोन-दोन एकदम येतात. म्हणून क्षमतेच्या साठ टक्केच धरायचे, सात. २४ बसना चार फलाट पुरले.

आता तीच बस चालकाच्या विश्रांतीसाठी फलाटावरच पंधरा मिनिटं उभी ठेवली, तर? आत-बाहेर धरून सोळा मिनिटं. तासाला पावणेचार, त्याचे साठ टक्के सव्वादोन. २४ बसना अकरा फलाट. बस तेवढ्याच, प्रवासी तेवढेच, आणि जागा जवळजवळ तिप्पट. वीस फलाट मागणारे बहुधा फलाट मागतच नाहीत, वाहनतळ मागतात.

तिसरी तऱ्हा : तुमचे बारा मार्ग आहेत, प्रत्येकावर अर्ध्या तासाला बस, आणि तुम्ही ठरवलंत की सगळ्या एकदम याव्यात, प्रवाशांची अदलाबदल व्हावी आणि सगळ्या एकदम सुटाव्यात. मग बारा मार्गांना बारा फलाट, सूत्र-बित्र काही नाही. मधली पंधरा-वीस मिनिटं ते रिकामे दिसतील आणि कुणीतरी वर्तमानपत्रात 'फलाट ओस' म्हणून फोटो छापेल. छापू द्या. मध्यम शहरात दर पाच मिनिटांनी बस सोडणं परवडत नाही, तिथे ही तऱ्हा मला सगळ्यात पसंत आहे. यात चालकाची विश्रांती मार्गाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची.

म्हणजे चार, अकरा की बारा, हे वेळापत्रक ठरवतं. वेळापत्रक न करता फलाटांचा आकडा सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

फलाटांच्या रचनेबद्दल एवढंच सांगते : गाडी नाक आत घालून लावायची आणि मागे घेत बाहेर काढायची, ही रचना कमी रुंदीत बसते आणि प्रवाशाला गाड्यांच्या वाटेत उतरावं लागत नाही. पण मागे घेताना चालकाला मागचं दिसत नाही, माणूस ठेवावा लागतो, वेळही जातो. करवतीच्या दात्यांसारखे तिरके फलाट केले की प्रत्येक बस आपापली पुढे निघून जाते, पुढची थांबली असली तरी अडत नाही. लांबी जास्त लागते. तुमची जागा लांबुळकी असेल तर सोन्याहून पिवळं.

प्रश्न : मी बसचालक आहे. नव्या स्थानकाच्या बैठकीला आम्हाला कुणी बोलावलं नाही. तुम्ही असता तर काय विचारलं असतंत?

आराखड्यात चालकांचं स्वच्छतागृह कुठे आहे, हे. हसू नका. मी काढलेल्या एका स्थानकात ते मागच्या कोपऱ्यात, शेवटच्या फलाटापासून १८० मीटरवर होतं. चार मिनिटांच्या थांब्यात जाऊन येणं अशक्य. चालक बाई असेल तर विचारूच नका. महिनाभरात सगळ्या बस दोन-तीन मिनिटं उशिरा सुटायला लागल्या आणि कार्यालयात चर्चा चालली चालकांच्या शिस्तीची! एका चालकाने मला हाताला धरून तिथपर्यंत चालवत नेलं तेव्हा उलगडा झाला. बैठकीला बोलावलं नसेल तर न बोलावता जा. वळणाची त्रिज्या, खांब, आरसा कुठे घासतो, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

प्रश्न : रेल्वे एका खात्याची, बस दुसऱ्याची. शेजारी शेजारी आणून उभ्या केल्या तरी आमची बस रेल्वे यायच्या दोन मिनिटं आधी सुटते. यावर इमारत काय करणार?

काहीच नाही. तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं.

स्वित्झर्लंडमध्ये १९८२ साली देशभर दर तासाला ठरल्या मिनिटाला गाडी असं वेळापत्रक आलं. त्यानंतरच्या 'रेल्वे २०००' योजनेला तिथल्या लोकांनी १९८७ मध्ये मतदानाने मान्यता दिली. त्या योजनेतली मला भावलेली गोष्ट झ्युरिक-बर्नची. त्या दोन शहरांमधला प्रवास ६९ मिनिटांचा होता. नवा मार्ग बांधून तो २००४ मध्ये ५६ मिनिटांवर आणला. मग ४० का नाही केला? कारण गरज नव्हती. तासाला जरा कमी भरलं की पुरे. गाडी दोन्ही टोकांना तासाच्या ठोक्याआधी पोचते, तिथे इतर दिशांच्या गाड्या तेव्हाच आलेल्या असतात, माणसं इकडची तिकडे होतात आणि ठोक्यानंतर सगळ्या सुटतात. आधी वेळापत्रक काढलं आणि त्याला लागेल तेवढाच मार्ग बांधला. आपण बहुतेक वेळा आधी बांधतो आणि मग त्यात गाड्या कशा कोंबायच्या ते बघतो.

तुमच्या शहरात याचं छोटं रूप असं. रेल्वे ९:२८ ला येते, ९:३० ला जाते. बस ९:१८ ते ९:२२ च्या दरम्यान आत याव्यात आणि ९:३६ ला सुटाव्यात. बसमधून रेल्वेकडे जाणाऱ्याला किमान आठ मिनिटं, रेल्वेतून बसकडे येणाऱ्यालाही आठ. चालायचं अंतर दोनशे मीटरच्या आत असेल तर म्हाताऱ्या माणसालाही जमतं. बघा, जागेचा प्रश्न फिरून इथे आलाच.

रेल्वे उशिरा आली तर बसने थांबायचं का? यावर लोक तत्त्वाचं भांडण करतात. मला विचाराल तर कागदावर साधा नियम लिहून भिंतीवर लावा. दर दहा मिनिटांनी असणारी बस कधीच थांबणार नाही. अर्ध्या तासाची बस तीन मिनिटं थांबेल, पुढे नाही, कारण पुढच्या थांब्यांवरही माणसं उभी आहेत. रात्रीची शेवटची बस मात्र रेल्वे येईपर्यंत थांबेल, कितीही उशीर होवो. हा निर्णय चालकावर सोडायचा नाही. प्रवाशांच्या शिव्या तोच खातो.

दोन खाती एक करायला हवीत असंही नाही. हॅम्बुर्गमध्ये १९६५ साली निरनिराळ्या वाहतूक संस्थांनी आपापलं अस्तित्व ठेवून एक संघ केला : तिकीट एक, दर एक, वेळापत्रक एकत्र बसून ठरवायचं. पुढे कितीतरी शहरांनी तो नमुना उचलला. पैशाची वाटणी कशी करायची यावर तुमच्याकडे दोन वर्षं घोळ होईल, म्हणून ती बोलणी पाया खणण्याआधी सुरू करा.

जाता जाता : जर्मनीतल्याच कार्ल्सरूहमध्ये १९९२ पासून शहरातली ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवरून शेजारच्या गावांना जायला लागली. गाडी बदलायचीच नाही! केंद्र बांधायच्या आधी एवढं विचारून पाहा की शहराच्या एका टोकाची बस आणि दुसऱ्या टोकाची बस सलग एकच मार्ग करता येतो का. येत असेल तर तेवढे प्रवासी केंद्रात उतरतीलच कशाला?

प्रश्न : मी वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प हाच आहे. सोबत छपराची चित्रं जोडली आहेत. वर बाग, मधून प्रकाश. कृपया अभिप्राय द्यावा.

छप्पर देखणं आहे. चित्रातली माणसं मात्र सगळी सडपातळ, रिकाम्या हातांनी चालणारी. एकाकडेही बोचकं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये एक भव्य केंद्र उघडलं. वर ५.४ एकरांची बाग, तुमच्यासारखीच. जेमतेम सहा आठवड्यांत बंद करावं लागलं, कारण दोन पोलादी तुळयांना तडे गेलेले सापडले. वेल्डिंगसाठी तुळयांत जी भोकं कापली होती तिथून ते सुरू झाले होते. दुरुस्ती आणि बाकीच्या तुळयांची तपासणी होऊन बस परत आत आल्या त्या २०१९ च्या ऑगस्टमध्ये. तळाशी रेल्वेसाठी भलीमोठी पोकळी आधीच बांधून ठेवली होती, तिथे अजूनही गाडी आलेली नाही. मी त्यांना हसत नाही. रेल्वेसाठी आधी जागा राखणं शहाणपणाचंच, नंतर खणणं महाग पडतं. पण रेल्वे येईपर्यंत ते एक फार सुंदर बसस्थानक आहे एवढंच.

तुमच्या चित्रावर बोलते. फलाट क्रमांक तीनला खांब कडेपासून ९० सेंटिमीटरवर आहे, आणि बसचं मागचं दार नेमकं तिथेच उघडणार. जॉन फ्रुइन नावाच्या अभियंत्याने १९७१ मध्ये माणसाच्या उभं राहण्याला ४६ बाय ६१ सेंटिमीटरचा लंबगोल धरला. त्यात सुटकेस आली की दुप्पट. खांबापाशी दोघं समोरासमोर आले की एकाला मागे सरावं लागेल आणि मागे रस्ता आहे. रेल्वेतून ३०० माणसं दोन मिनिटांत बाहेर पडतात असं धरा, म्हणजे मिनिटाला १५०. धक्काबुक्की न होता एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ४० माणसं जातात. तुमच्या वाटेला पावणेचार मीटर हवेत, आणि ते मोकळे. तुम्ही चार मीटर दिलेत आणि मग त्यात पुस्तकांचा स्टॉल ठेवलात.

आणि प्रतीक्षालय वरच्या मजल्यावर नको. हा माझा स्वतःचा गुन्हा. काचेच्या भिंती, आरामशीर खुर्च्या, एवढं करून तिथे कुणी फिरकलं नाही. लोक खाली उन्हात फलाटावरच उभे. वरून बस येताना दिसत नव्हती ना! फलक लावला, घोषणा केल्या, उपयोग शून्य. बस डोळ्यांना दिसल्याशिवाय माणूस खुर्चीत टेकत नाही. आता तिथे फायली ठेवतात, आरामशीर खुर्च्यांवर.

प्रश्न : वडिलांना नीट दिसत नाही आणि ते चाकाच्या खुर्चीत आहेत. केंद्राच्या माहितीपत्रकात 'सर्वांसाठी सुगम' असं लिहिलं आहे. खरं आहे का ते कसं ओळखू?

तीन गोष्टी विचारा. लिफ्ट किती आहेत? एक असेल तर नाही असं समजा, कारण ती बिघडली त्या दिवशी वडील घरी. उतार किती मीटर आहे? एक मीटर चढायला बारा मीटर लांबी, हा नेहमीचा उतार. ५.४ मीटर उंची चढायची तर ६५ मीटर लांब, वर मधले सपाट टप्पे. ते हाताने ढकलत नेणं म्हणजे व्यायामच. म्हणून मी उंची टाळणाऱ्या आराखड्याच्या बाजूची असते. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तर फारच.

तिसरं, बस कडेला चिकटून उभी राहते का? चालक टायर घासू नये म्हणून हातभर लांब थांबतात आणि त्या फटीत खुर्चीचं पुढचं चाक अडकतं. जर्मनीतल्या कासेल शहरात यावर फलाटाच्या कडेसाठी खास आकाराचा काठ निघाला : खालची बाजू गोलसर, टायर त्यावर अलगद टेकतं आणि गाडी आपोआप सरळ लागते. साध्या काँक्रीटचं काम आहे.

पायाला कळणाऱ्या उठावाच्या लाद्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. नव्या केंद्रात त्या असतीलच. पण त्या रेघेवर डोळे मिटून चालून बघा. एका ठिकाणी मला ती थेट तिकीट यंत्राच्या पोटात घेऊन गेली होती. यंत्र नंतर आलं, आणि ठेवणाऱ्याला वाटलं ही नक्षी आहे.

प्रश्न : मोटारी लावायला किती जागा ठेवावी?

शहराच्या मधोमध असेल तर जवळजवळ नाहीच. एक मोटार दिवसभर पंचवीस-तीस चौरस मीटर अडवून बसते, येण्याजाण्याची वाट धरून. तेवढ्यात सायकली किती मावतील ते तुम्हीच मांडून बघा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींची जागा आहे. तुम्हाला पाचशेने सुरुवात करता येईल, छपराखाली आणि फलाटाच्या जिन्याला लागून. लांब कोपऱ्यात दिलीत तर लोक कठड्यालाच कुलूप घालतील. मोटारींसाठी सोडायला-घ्यायला येणाऱ्यांची छोटी जागा ठेवा, मोटार पाच मिनिटांच्या वर उभी राहू द्यायची नाही. आणि ती बसच्या वाटेपासून वेगळी हवी. नाहीतर पहिल्याच पावसाळी संध्याकाळी सगळ्या बस कुणाच्या तरी निरोप समारंभामागे अडकतील.